मेडिसिन हॅट
कॅनडाच्या अ‍ॅल्बर्टा प्रांतातील एक शहर. लोकसंख्या ६३,२७१ (२०२१). प्रांताच्या आग्नेय भागातील प्रेअरी ह्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात, साउथ सस्कॅचेवन नदीकाठी हे वसले असून कॅल्गरीच्या आग्नेयीस सु. ३०० किमी. अंतरावर आहे. ट्रान्स-कॅनडा महामार्ग व कॅनेडियन पॅसिफिक लोहमार्ग येथून जातात. विचित्र वाटणारे नाव टाकावे की राखावे, ह्या वादामुळे हे गाव विशेष प्रसिद्धीस आले.

मेडिसिन हॅट हे ब्लॅकफुट भाषेतील ‘सामिस’ ह्या शब्दाचे इंग्रजी रूपांतर होय. सामिस म्हणजे गरुडाच्या पिसांचे, मांत्रिक-वैद्याने धारण करावयाचे शिरोभूषण. येथे ‘मेडिसिन’ ह्या शब्दाचा अर्थ औषध असा नसून गूढ, दैवी सामर्थ्य असा आहे. नावाविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. ब्लॅकफुट व क्री ह्या जमातींतील लढाईत क्री मांत्रिकाचे शिरोभूषण नदीत वाहून गेले, तो अपशकुन मानून क्री योद्ध्यांनी माघार घेतली, अशी त्यांपैकी एक कथा आहे. दुष्काळाच्या हिवाळ्यात नदीतील जलदेवतेकडून एका शिकाऱ्यास हे शिरोभूषण प्राप्त झाले, असे दुसरी कथा सांगते. ह्या कथांतील तपशील भिन्न असले, तरी नदी व शिरोभूषण ह्यांचा संबंध दोहोंत समान आहे.

१८८३ मध्ये लोहमार्ग नदीपर्यंत पोहोचला व कामगारांच्या तंबूंभोवती वस्ती उभी राहिली. त्याच वर्षी रेल्वेने पाण्यासाठी जवळच्या भागात विंधन केले असता नैसर्गिक वायू आढळला. पुढे खुद्द गावाखालीही वायूचे साठे सापडले. स्वस्त इंधन व परिसरातील माती ह्यांमुळे विटा, कौले व मृत्पात्रे ह्यांचे कारखाने निघाले. १८९८ मध्ये ह्यास नगराचा व १९०६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला.

भरभराटीबरोबर नावाविषयी संकोचही वाढला. येथील वेधशाळेच्या हवामान-वार्तांमुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वृत्तपत्रे थंडीच्या लाटांचे उगमस्थान म्हणून गावाची थट्टा करीत. अशा नावामुळे भांडवल व नवे रहिवासी दूर राहतील, ह्या भीतीने १९१० मध्ये नाव बदलण्याची चळवळ सुरू झाली. विरोधकांच्या वतीने पोस्टमास्तर फ्रान्सिस फॅट ह्याने मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रड्यर्ड किपलिंग ह्यास पत्र लिहिले. किपलिंगने १९०७ मध्ये गावास भेट दिली होती व भूगर्भातील वायूला उद्देशून त्याने काढलेले विनोदी उद्गार लोकांच्या तोंडी होते. उत्तरादाखल त्याने नामांतरास कडाडून विरोध केला. हे नाव क्री व ब्लॅकफुट लोकांच्या परंपरेची खूण असून जगात एकमेव आहे. नफ्याच्या आशेने स्वतःचे नाव व भूतकाळ झटकणाऱ्या गावावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ह्या पत्राने लोकमत वळले व जुने नाव कायम राहिले. तथापि ज्यांच्या भाषेतून ते आले, त्या मूळ रहिवाशांना ह्या वादात स्थान नव्हते, ही बाबही नोंदली पाहिजे.

पर्यटकांच्या दृष्टीने नावाचा हा वारसा आज शहराचे प्रमुख आकर्षण आहे. महामार्गालगत पोलादी ‘सामिस टीपी’ हा सु. २० मजल्यांइतका उंच, तंबूच्या आकाराचा सांगाडा उभा असून तो १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिक सामन्यांसाठी बांधण्यात आला व १९९१ मध्ये येथे आणण्यात आला. त्याखालील घळीत मूळ रहिवाशांच्या वसतिस्थानाचे पुरातत्त्वीय अवशेष मिळाले आहेत. मेडाल्टा ह्या १९५४ मध्ये बंद पडलेल्या मृत्पात्रांच्या कारखान्यात वस्तुसंग्रहालय असून जुन्या भट्ट्या तेथे पाहावयास मिळतात. नदीच्या वळणावरील पोलीस पॉइंट उद्यानात पायवाटा आहेत. आग्नेयीकडील सायप्रस हिल्स ह्या वनाच्छादित टेकड्यांवरील उद्यानात छावणी व नौकाविहार ह्यांची सोय आहे.