खेळण्यातील आगगाडीचे रूपांतर

बाजारात सर्रास मिळणारी खेळण्यातली आगगाडी मोठ्या मापाच्या, मुख्यतः ३२ व ४५ मिमी. गेजच्या (रुळांमधील अंतराच्या), प्रतिकृती-रेल्वेवर चालेल अशी बदलून घेण्याची छांदिष्टांची हस्तकला. जर्मनीतील लेहमान कंपनीने १९६८ मध्ये १ : २२·५ प्रमाणातील एलजीबी गाड्या आणल्यावर ४५ मिमी. रूळ रूढ झाले (पहा : बागरेल्वे). प्लेमोबिल या खेळण्यांच्या ब्रँडच्या गाड्यांचे गेजही तेच असल्याने त्या सोयीच्या पडतात. खरे काम चाकांचे. प्लॅस्टिकच्या चाकाचा फ्लँज (कडेचा उंचवटा) जाड असला, तर रुळांना फाटा फुटतो तिथे गाडी अडखळते वा उतरते. म्हणून धातूची चाके बसवून जोडीतील आतले अंतर मापाने जुळवतात. डबे जोडणारे आकडे बदलणे, तळाशी वजन भरणे, केबिन उंचावणे ही पुढची कामे. अरुंदमापी रेल्वेची प्रतिकृती यामुळे अल्प खर्चात साधते. नेरळ–माथेरान मार्गाचे ६१० मिमी. गेज १ : १९ प्रमाणात ३२ मिमी.च भरते (पहा : माथेरान).