अकरावी खुर्ची

पिंपरीच्या कारखान्यात मी बरीच वर्षं युनियनच्या कमिटीत होतो. वेतनकरारासाठी घासाघीस पुष्कळ केली, पण संचालकांच्या खोलीत काय शिजलं ते आम्हाला नोटीस बोर्डावरच कळायचं. म्हणून जर्मनीतल्या रूर भागातल्या पोलाद कारखान्यांचा मला हेवा वाटतो. तिथे देखरेख मंडळात अकरा खुर्च्या: पाच मालकांच्या, पाच कामगारांच्या आणि अकरावा माणूस दोघांना चालेल असा.

गंमत म्हणजे ही पद्धत १९४७ साली सुरू झाली ती ब्रिटिश लष्करी अंमलाखाली. नाझींना साथ दिल्याने मालकांची पत गेली होती, आणि त्यांच्या अवाढव्य कंपन्या फोडायचा ब्रिटिशांचा बेत होता. तेव्हा क्लॉक्नर, ओटो वोल्फ अशा बड्या कंपन्यांनीच युनियनला पत्रं धाडली: कारभारात वाटा घ्या, पण आम्हाला वाचवा. पाणी गळ्याशी आलं की मालकाला कामगार भाऊ वाटतो, हे काही जर्मनीपुरतं नाही.

१९५० पर्यंत मालक सावरले आणि हा हक्क जाणार अशी चिन्हं दिसू लागली. पोलाद कामगारांनी मतदान घेतलं. ९५ टक्क्यांहून जास्त मतं संपाच्या बाजूने पडली. चान्सलर आडेनाउअर पक्के उजवे, पण फ्रान्सबरोबरचा कोळसा-पोलाद करार तोंडावर आलेला. रूरमध्ये संप त्यांना परवडणारा नव्हता. जानेवारी १९५१ मध्ये कामगार नेते हान्स ब्योक्लर यांच्याशी तडजोड झाली, एप्रिलमध्ये कायदा. ब्योक्लर मात्र फेब्रुवारीतच गेले. कायद्यातलं एक कलम तर वाचतच राहावं: कामगार खातं सांभाळणारा संचालक कामगार प्रतिनिधींच्या बहुमताविरुद्ध नेमता येत नाही!

खुद्द ब्रिटनमध्ये १९७७ साली इतिहासकार अ‍ॅलन बुलक यांच्या समितीने जवळपास हाच साचा सुचवला. मालक खवळले, ते अपेक्षितच. पण इंजिनिअरिंग कामगारांची युनियनही विरोधात गेली: आपणच संचालक झालो तर भांडायचं कुणाशी? १९७९ मध्ये थॅचर आल्या आणि विषय गुंडाळला गेला.

त्या युनियनचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. तरी पुढचा हिशोब बघा. १९८४-८५ मध्ये ब्रिटिश खाणकामगार खाणी बंद होऊ नयेत म्हणून वर्षभर संपावर राहिले आणि हात हलवत परतले. १९५१ चा तो कायदा रूरच्या कोळसा खाणींनाही लागू होता, तरी त्याही टिकल्या नाहीत. बोट्रॉपची शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली. पण तिथे सरकारने दशकानुदशकं पैसा ओतला, आणि लवकर निवृत्ती कुणाला, बदली कुणाची, हे कामगार प्रतिनिधींना बरोबर घेऊन ठरलं.