खिजरी तलावावरचे पाहुणे

माधवनगरला आमच्या घरामागच्या विहिरीवर बाभळ वाकली आहे आणि तिला सुगरणीची घरटी लोंबतात. गेल्या पावसाळ्यात दुर्बीण घेऊन उभा होतो, तर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, ये पाखरं बघायचं आपल्यात कुठं असतं?" मी हसून वेळ मारून नेली. डिसेंबरात एका लग्नासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथे दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर, सलीम अली सरोवराच्या काठावर मला त्यांचा प्रश्न पुन्हा आठवला.

मोगल काळात या पाण्याचे नाव खिजरी तलाव होते. नावात हजरत खिज्र ऐकू येतात. सूरह कहफमध्ये हजरत मूसांना भेटणारा, नाव न सांगितलेला अल्लाहचा बंदा तो हाच, असे परंपरा मानते. ते उजाड जमिनीवर बसले आणि ती हिरवी झाली, असे हदीसमध्ये येते. तहानलेल्या मराठवाड्यात तलावाला याहून शोभणारे नाव सापडणार नाही. 1610 मध्ये मलिक अंबरने इथे खडकी वसवली आणि पुढे नहरीने शहरात पाणी खेळवले. त्या शहराच्या अंगणातच हा तलाव आहे. पुढे त्याला पक्षीशास्त्रज्ञाचे नाव मिळाले.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. दहाएक वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही खायला चालेल का, अशी मुसलमान पोराला पडणारी शंका त्याला पडली. मामांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे पोरापुढे उघडली गेली. हलाल-हरामच्या शंकेतून भारतीय पक्षीशास्त्राचे एक मोठे दार उघडले, याची मला फार मौज वाटते.

हा शौक परका नव्हता, हे सलीम अलींना ठाऊक होते. मोगल बादशहा निसर्गाचे अभ्यासक आणि शिकारी म्हणून कसे होते, यावर त्यांनी 1927-28 च्या सुमारास सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिले. जहांगीरने लैला-मजनू नावाची सारसांची जोडी पाळली होती. अंड्यांवर कोण, कधी बसते हेसुद्धा त्याने टिपून ठेवले. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंच रंगवला.

1931-32 मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा नोकरी नव्हती. खर्च द्या, पगार नको, अशी त्यांची तयारी. बेगम तहमीना तंबूत सोबत होत्या. औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते.

मात्र त्यांना कौमचे म्हणून मिरवताना जरा सांभाळायला हवे. ते धार्मिक नव्हते आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेले नाही. अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारलेही पुष्कळ. पण 'आपल्यात कुठं असतं' असे म्हणणाऱ्यापुढे, आणि 'तुमच्यात फक्त शिकारी' असे म्हणणाऱ्यापुढेही, त्यांचे नाव घ्यावेच लागते.

काठावर जलपर्णी होती, वासही होता. तरी वेताच्या झुडपासारख्या पाणगवतातून जांभळी पाणकोंबडी निघाली. मधे हळदी-कुंकू बदकांची जोडी होती आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी. खिज्रच्या पाण्यात, सलीम अलींच्या नावाखाली हळदी-कुंकू आणि वारकरी! ही नावे कोणी समिती बसवून ठेवली नव्हती.

माधवनगरला परतल्यावर त्या बुजुर्गांच्या हातात दुर्बीण दिली. विणीचा हंगाम सरला होता, घरटी रिकामी होती. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ये एक अधुरा कायको छोड्या?" तेव्हा मी त्यांना 1930 चे किहीम सांगायला बसलो: नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच तो पुरे करतो, आणि लगेच शेजारी दुसरे विणायला घेतो. हे सलीम अलींनी तिथे घरट्यांसमोर तासन्‌तास बसून शोधले होते.