बंगला, उष्ण-कोरड्या हवामानातील (चौसाळा व बालाघाट परिसर)

कडक उन्हाळा आणि पाण्याची चणचण या दोन गोष्टी गृहीत धरून बालाघाटाच्या पठारावर बांधलेले ऐसपैस खासगी घर. चौसाळा हे बीड तालुक्यातील गाव धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्र. २११, आताचा ५२) मांजरसुंब्याच्या दक्षिणेस आहे. महामार्गालगतच्या अशा गावांत व्यापारी, डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार आणि पुण्या-मुंबईत नोकरी करून गावी घर बांधणारी मंडळी गावठाणाबाहेर बंगले उभे करतात. या बंगल्यांचे आजे-पणजे म्हणजे मराठवाड्यातले माळवदाचे वाडे. पण १९९३ च्या भूकंपाने या दोघांमधला धागा तुटला. आजच्या घराच्या बऱ्याचशा अडचणी त्या तुटण्यातून आलेल्या आहेत.

हवामान : राष्ट्रीय इमारत संहिता देशाचे पाच हवामान विभाग करते. त्यांपैकी उष्ण-कोरड्या विभागात मराठवाड्याचा हा भाग मोडतो. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० ते ४२ अंशांवर जातो, पहाटे मात्र तो पंचविशीच्या आसपास उतरतो. दिवस-रात्रीतला हा पंधरा-सोळा अंशांचा फरक म्हणजे इथल्या निसर्गाने घर बांधणाऱ्याला दिलेली सर्वांत मोठी सवलत आहे. कोकणात ती मिळत नाही. चौसाळ्याचा अक्षांश साधारण १८.७ अंश उत्तर असल्याने मेच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन भिंती नव्हे, छत खाते. या भागात घराचा विचार छतापासून सुरू करावा लागतो आणि नकाशे मात्र जवळपास नेहमी दर्शनी बाजूपासून सुरू होतात.

माळवद : जुन्या वाड्याचे छत सपाट आणि मातीचे असे. खांबांवर तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर लाकडाच्या चिरफळ्यांची दाट किलचण, तिच्यावर कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, असे त्याचे थर. पाल्यामुळे किलचणीला वाळवी लागण्याचे भय कमी होई. पांढरी माती जुन्या गावठाणातून आणीत. पहिल्या पावसात ती फुगून भेगा बुजत आणि पाणी उतारावरून पन्हळीकडे जाई. मृगाच्या आधी दरवर्षी वर नवी माती पसरून चोपायची आणि गळती लागली की भर पावसात वर चढून ती जागा पायाने दाबायची, ही घरच्यांची ठरलेली कामे. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट रुंद. रस्त्याच्या बाजूला खिडकी क्वचितच. दिंडी दरवाजातून आत शिरले की ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती ओसऱ्या, मागे माजघर. माजघरात प्रकाशाला छतातला एखादा झरोका. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीतल्या पेवात. देशमुख-पाटलांच्या गढ्यांत हीच रचना जाड तटाच्या आत मोठ्या मापाने केलेली दिसते.

या रचनेचे गणित साधे आहे. ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागल्यापासून आतल्या अंगाला जाणवेपर्यंत वेळ जातो. दीड फुटी दगडी भिंतीत हा वेळ दहा-अकरा तासांचा, दोन फुटीत चौदा तासांपर्यंत. म्हणजे दुपारचे ऊन आत पोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, बाहेरची हवा निवलेली असते आणि घरातली माणसे माळवदावर अंथरूण टाकून झोपलेली असतात. दिवसा माजघर, रात्री माळवद, असे घरातल्या घरात रोजचे स्थलांतर चाले. श्रीमंताच्या वाड्याला खोल्या जास्त असत, लाकूड सागाचे असे, त्यावर कोरीवकाम असे. थंडावा मात्र त्याच्या घरात आणि साध्या शेतकऱ्याच्या माळवदात एकाच युक्तीने येई.

राजघराण्यांनी त्यात पाण्याची भर घातली. अहमदनगरचा फराहबक्ष महाल (१५८३ मध्ये पूर्ण) हा अष्टकोनी प्रासाद तलावाच्या मधोमध उभा आहे. नळांनी आणलेल्या पाण्यावरून येणारी हवा उंच घुमटाखालच्या दालनात शिरे. बीडजवळची खजाना विहीर त्याच निजामशाही काळातली, तीही निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याच्या कारभारात झालेली. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. सांडव्याचे पाणी खिडकीसमोरून कोसळते आणि आतले दालन कोरडे राहते. हे वैभव फार मोहक आहे, पण त्यामागे नदी किंवा कालवा होता. चौसाळ्याच्या बंगल्यामागे बोअर असतो किंवा टँकर.

किल्लारी आणि नंतर : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसे गेली. चौसाळ्यापासून सरळ रेषेत हे ठिकाण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मृत्यू मुख्यतः दगड-मातीच्या भिंतींनी घडवले. त्या भिंतींचा आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे वेगवेगळे रचलेले असत, मधल्या पोकळीत दगडांचा चुरा आणि माती भरलेली. दोहोंना शिवणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यात पापुद्रे एकमेकांपासून सुटले आणि आत-बाहेर कोसळले. वरून माळवद आले. फूटभर मातीच्या थराचे वजन चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो होते. पिढ्यान्पिढ्या दरवर्षी माती टाकत गेल्याने कित्येक छतांचा थर दीड-दोन फुटांवर पोचला होता. जिथे छताचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांच्या सांगाड्याने पेलला होता, तिथे भिंती ढासळूनही काही छते उभी राहिली. या निरीक्षणाकडे लोकांचे पुरेसे लक्ष गेले नाही. ५२ गावे नव्या जागी वसली, तज्ज्ञांनी आरपार दगड बसवण्याचे, सलग पट्टे बांधण्याचे आणि माळवदाची माती उतरवण्याचे उपाय सांगितले. तरी लोकांच्या मनाने एकच निर्णय घेतला : दगड आणि माती नको, सिमेंटचे घर हवे. ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्याखालून काढली त्यांच्या या निर्णयाला दोष देता येत नाही.

पुढे २००२ मध्ये भूकंप-संहितेच्या (भारतीय मानक १८९३) सुधारित नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. पूर्वी तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता.

स्लॅब : माळवदाची जागा पाच इंची काँक्रीट स्लॅबने घेतली. त्यातून ऊन सुमारे तीन तासांत आत उतरते. दुपारी दोनचा तडाखा संध्याकाळी पाचला छताच्या खालच्या अंगाला येतो आणि तापलेला स्लॅब पुढे कित्येक तास ती धग खाली सोडत राहतो. अशा बंगल्यात मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला तळहात लावला तर तो गरम लागतो, आणि खिडकीबाहेर हात काढला तर हवा सुखद लागते. पंखा तीच वरची धग खाली ढकलतो. त्यावर लाखो रुपयांचे फॉल्स सीलिंग होते, पश्चिमेला दुमजली काच बसते, दर्शनी भागाला ॲल्युमिनियमचे पत्रे लागतात आणि मग प्रत्येक खोलीला एसी. हे घर महाग आहे, पण त्याला आरामशीर म्हणता येणार नाही. वीज गेली की तासाभरात ते राहण्याजोगे उरत नाही.

छताचे आजचे उपाय : माळवदाने वजनाच्या बळावर जे साधले ते वजनाशिवाय साधणे हा खरा प्रश्न आहे. आधुनिक वास्तुकलेने तो अहमदाबादेत फार पूर्वी हाताळला. ल कॉर्बूझिए यांनी साराभाई कुटुंबासाठी बांधलेल्या घरात (१९५५) कमानदार छतांवर माती घालून हिरवळ लावली, म्हणजे तत्त्वाने ते माळवदच. शोधन व्हिलात (१९५६) त्यांनी घरावर उंच दुसरे छत छत्रीसारखे धरले आणि मधून वारा खेळू दिला. चार्ल्स कोरिया यांनी पारेख हाउससाठी उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन वेगळे छेद आखले. बालाघाटावर यांतली छत्रीची युक्ती सर्वांत सहज उतरते, कारण सौर पॅनेल आता घरोघरी येत आहेत. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता सात-आठ फूट उंच मांडणीवर घेतले तर वीज मिळते, गच्ची सावलीत येते आणि खाली रात्री झोपताही येते. उन्हात उघडाच राहील त्या भागात स्लॅबवर उष्णतारोधक फोमचा थर, त्यावर पाण्याला उतार आणि वर पांढऱ्या चिनी टिकल्या, हा भरवशाचा क्रम आहे. नुसता चुन्याचा पांढरा हातही फरक पाडतो, फक्त तो दरवर्षी द्यावा लागतो. केंद्राच्या इको-निवास संहितेत (२०१८) छतातून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे दर अंशाला १.२ वॉट अशी मर्यादा आहे. उघड्या स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता येते. संहिता ५०० चौ. मी. आणि त्यापुढील भूखंडांसाठी आहे, पण लहान प्लॉटवाल्यांनीही हा आकडा आपल्या अभियंत्यापुढे ठेवावा.

भिंती, दिशा, वारा : दक्षिणेचे ऊन आवरणे सोपे. दोन फुटी छज्जा मार्चमध्ये माध्यान्ही पावणेदोन मीटर खालपर्यंत सावली देतो, तर डिसेंबरमध्ये सूर्य ४८ अंशांवर असल्याने तोच छज्जा हिवाळ्याचे कोवळे ऊन आत येऊ देतो. पश्चिम अवघड. संध्याकाळचा सूर्य छज्ज्याखालून थेट आत घुसतो, आणि उन्हाळ्यातला वाराही बहुधा त्याच पश्चिम-वायव्येकडून येतो. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी अशा कमी वापराच्या जागा घ्याव्यात. खिडक्या लहान, लाकडी झडपांच्या, सूर्य मावळल्यावर उघडायच्या. नैऋत्य जड व बंद ठेवावी हा वास्तुशास्त्राचा आग्रह इथे हवामानाशी जुळतो, त्यामुळे घरमालकाला तो पटवावा लागत नाही. भिंतींसाठी परळीच्या औष्णिक केंद्राची राख जिल्ह्यातच असल्याने राखेच्या विटा हा जवळचा पर्याय आहे. मधे पोकळी सोडलेली दुहेरी भिंत करून आतला थर जड ठेवला तर रात्रीचा गारवा त्यात साठतो. दगड हवाच असेल तर काँक्रीटच्या सांगाड्यात, सिमेंटमध्ये आणि आरपार दगड घालून.

चौक मात्र परत आणावा. प्लॉट लहान असल्यास जिन्याची उंच पोकळी, माथ्याला झडपा ठेवून, तेच काम करते. रात्री खालच्या खिडक्या आणि माथ्याच्या झडपा उघडल्या की गरम हवा वर निघून जाते आणि पहाटेपर्यंत भिंती निवतात. सकाळी आठच्या आत सगळे बंद. चोराचे आणि डासांचे भय असल्याने जाळी व गज नकाशातच हवेत. ते नंतर लावू म्हटले की खिडक्या रात्रभर बंद राहतात आणि सगळी योजना वाया जाते.

पाणी : कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. ४१ अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर सुमारे २७ अंशांची हवा देऊ शकतो, तेही एसीपेक्षा फार थोड्या विजेत. पण मोठा कूलर दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी घेतो, आणि ज्या महिन्यांत तो लागतो त्याच महिन्यांत बाया टँकरच्या रांगेत असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. म्हणून कूलर छताच्या पाण्यावर चालवावा. दोनशे चौरस मीटर गच्चीवर ६५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला तर एक लाख लिटरहून जास्त पाणी मिळते. शंभर दिवसांच्या कूलरला त्यातले पंधरा हजार लिटर पुरतात. एवढी टाकी ओट्याखाली सहज बसते. ज्या बंगल्याला पोहण्याचा तलाव परवडतो त्याने ही टाकी आधी बांधायला हवी, इथे तडजोड नसावी.

पाया व झाडे : काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया ती पूर्ण काढून मुरुमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात. पश्चिमेच्या कुंपणाला कडुलिंब लावायचा तो प्लॉट घेतला त्याच वर्षी, बांधकामाची वाट न पाहता. शिशिरात त्याची पाने झडतात, चैत्रात नवी पालवी फुटते आणि वैशाखात, ऊन सर्वांत तिखट असते तेव्हा, सावली दाट असते. घराच्या पायापासून त्याला पाच-सहा मीटर दूर ठेवावे. काळ्या रानात मुळांनी ओल ओढली की जमीन आक्रसते आणि त्या बाजूचा पाया खचतो.