कीचक, कलेक्टर आणि तिकीटबाबू

इतिहासातील एखादा पेचप्रसंग घ्यायचा, वर्गात भूमिका वाटून द्यायच्या आणि मुलांना तो खेळू द्यायचा, ही अध्यापनपद्धती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात रुजवली. या मालिकेतील एक खेळ १९४५ च्या सिमला परिषदेवर आहे. प्रत्येकाला भूमिकेचा कागद, वाचायला मूळ लेखन आणि गाठायची उद्दिष्टे मिळतात. उद्दिष्ट गाठणारा जिंकतो. आम्ही लासूर स्टेशनला मराठी शिकवतो. हाच प्रकार आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गात करून पाहिला, मात्र विषय आमच्या रेल्वेमार्गावरचा निवडला : नाशिक, १९०९.

आपल्याकडे असा खेळ मुळीच नव्हता असे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन, कंकभट्ट म्हणजे नेमस्त आणि बल्लव म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच वर्षी व्हॅलेंटाईन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात हे रूपक उलगडून दाखवले गेले. ही तक्त्यासारखी उकल परीक्षेतील टिपेपुरती ठीक. तिच्यात एक गोष्ट मात्र सुटते. विराटपर्वातील पांडव मुळातच सोंगे घेऊन वावरत आहेत, आणि त्यांच्या सोंगाला नियम आहे : ओळख पटली की पुन्हा बारा वर्षे वनवास. धर्मराज द्रौपदीला थांबायला सांगतो तेव्हा तो केवळ भ्याडपणाने बोलत नसतो; त्याच्या एका हालचालीची किंमत सगळ्यांनी मोजायची असते. भीम चूक आहे असेही म्हणता येत नाही, कारण अपमान त्या रात्रीचा आहे आणि मुदत संपायची आहे. नाटकातील खरा नैतिक पेच आमच्या मते इथे आहे. कीचकाविषयी मात्र पेच नाही. तो वधार्ह म्हणूनच रंगमंचावर येतो.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन त्या साच्यात बसत नाही. तो संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. त्याने जमवलेल्या साहित्यावरून गुजरात आणि कोकणच्या लोकसमजुतींचे दोन खंड त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी सिद्ध केले. लोकसाहित्य शिकवताना आजही ते उपयोगी पडतात. याच जॅक्सनने बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या न्यायालयाकडे पाठवले आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर कविता छापल्या. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे हे निमित्त आहे, खरा उपदेश राज्याविरुद्ध शस्त्र उचलण्याचा आहे, असे वाचन न्यायमूर्ती चंदावरकर यांनी केले. नारायण गणेश चंदावरकर, प्रार्थना समाजाचे पुढारी आणि १९०० च्या काँग्रेसचे अध्यक्ष! समीक्षक म्हणून त्यांचे वाचन चुकीचे होते असे आम्हाला म्हणता येत नाही, आणि हीच अडचण आहे. अचूक काव्यास्वादाने एक माणूस अंदमानात गेला.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, जॅक्सनच्या निरोपासाठी लावलेल्या ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला, औरंगाबादेत चित्रकला शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे नाशिक कटाच्या खटल्यात सत्तावीस जण दोषी ठरले. ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून धाडल्यावरून विनायकराव सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली.

कान्हेरेचे वय तेव्हा अठराच्या आसपास होते, म्हणजे आमच्या वर्गातील मुलांइतकेच.

जॅक्सनची भूमिका कोणी घेईना. शेवटी एका मुलीने घेतली आणि ती नेमाने ग्रंथालयात बसू लागली. कान्हेरेची भूमिका मागणारे पाच होते. ज्याला मिळाली त्याने तिसऱ्या तासाला विचारले, “सर, हा माणूस संस्कृत जाणतो हे मला ठाऊक आहे की नाही?” आम्ही म्हटले, त्याने तुझ्या उद्दिष्टात फरक पडत नाही. आमचे हे उत्तर निष्काळजीपणाचे होते. क्रांतिकारकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी जॅक्सनच्या विद्वत्तेला ढोंग मानले आहे. राज्यकर्त्याचे पांडित्य हे राज्य चालवण्याचेच एक साधन, असा त्यामागचा तर्क आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तेव्हा ठाऊक असूनही कान्हेरे तेच करू शकतो. पण ठाऊक असून करणारा आणि नसताना करणारा हे एकच पात्र नव्हे. आमच्या कागदावर मात्र लिहिलेले होते : कलेक्टर मेल्यास विजय, दहा गुण. मुलाने खेळ पूर्ण केला आणि गुण मिळवले. मग त्याने त्या सत्तावीस जणांचे काय, असे विचारले. त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. महाभारतकाराने तो ठेवला होता, आमच्या लक्षात आला नाही.

मागच्या बाकावरून आणखी एक प्रश्न आला : “यात लासूरचा माणूस कुठे आहे?” भूमिकांची यादी पाहिली, तर बहुतेक ब्राह्मण, उरलेले इंग्रज. आमच्या वर्गाची घडण तशी नाही. शिवाय हा मुलूख तेव्हा निजामाचा. इथल्या रयतेचा राजा वेगळा आणि राजाच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट, तेव्हा कोणत्या वसाहतीविरुद्धची ही क्रांती? औरंगाबादहून मनमाडकडे जाणारी गाडी मात्र लासूरवरूनच जाते, तेव्हाही जात होती.

त्या मुलाने स्वतःच एक भूमिका लिहून आणली. स्टेशनावरचा तिकीटबाबू, निजामाच्या रेल्वेचा नोकर. हाली शिक्का की कलदार, एवढीच त्याला पारख. फलाटाला गाडी लागते, खिडकीशी चित्रकलेची वही घेतलेला एक मुलगा बसलेला असतो, गाडी सुटते. उद्दिष्टाच्या जागी त्याने काहीच लिहिले नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही विजयाचा रकाना काढून टाकला. मग गुण कशावर द्यायचे, हा वाद विभागाच्या बैठकीत अजून चालू आहे.