तंजावरची मराठी नाटके : अग्रक्रम आणि परंपरा

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १८४३ साली सांगली येथे झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाच्या प्रयोगापासून मानला जातो. परंतु मराठी भाषेत नाटके याच्या पुष्कळ अगोदर, आणि तीही महाराष्ट्रात नव्हे तर कावेरीकाठच्या तमिळ मुलखात, तंजावर येथे रचली गेली होती. ही गोष्ट ऐकणारास आश्चर्य वाटते व ते साहजिक आहे. तथापि या आश्चर्यातून ‘मराठी नाटकाचा जन्म तंजावरास झाला’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो कितपत टिकतो हे पाहणे अवश्य आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी हे विजापूर दरबाराचे सेनानी म्हणून दक्षिणेत उतरले व १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य त्यांच्या हाती आले. त्यापूर्वी तेथे नायक राजांची सत्ता होती. प्रजेची भाषा तमिळ, नायकांच्या दरबारातील काव्याची भाषा तेलुगू, शास्त्रचर्चेची भाषा संस्कृत आणि नव्या राजकुलाची भाषा मराठी, अशी ही चतुर्विध भाषास्थिती होती. भोसले राजांनी यांतील एकीचाही उच्छेद केला नाही. व्यंकोजींचे पुत्र शाहराज (१६८४–१७१२) यांनी तर तेलुगूतही रचना केली. त्यांच्या नावावरील ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात.

याच शाहराजांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ आदी मराठी नाटके आहेत. त्यांची राजवट १७१२ साली संपली. तेव्हा ही नाटके त्यांचीच मानल्यास ती ‘सीतास्वयंवरा’हून किमान १३१ वर्षे अगोदरची ठरतात. कालदृष्ट्या त्यांचे अग्रस्थान म्हणूनच निर्विवाद होय. मात्र त्यांचा घाट महाराष्ट्रातून आलेला नाही. सूत्रधाराचे निवेदन, गणपतीचा प्रवेश, ‘दरू’ नावाची पात्रांची पदे ही सर्व सामग्री नायकांच्या दरबारात वाढलेल्या तेलुगू यक्षगानाची आहे. मराठी राजाने आपली भाषा त्या सिद्ध साच्यात ओतली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

भाव्यांच्या नाटकांतही सूत्रधार गातो व आरंभी गणपती येतो. या साम्यावरून काहींना तंजावर व सांगली यांत वंशसंबंध दिसतो. परंतु भाव्यांपुढील नमुना तंजावरचा नव्हता. उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे नाटक मराठीत करण्याची प्रेरणा भाव्यांना दिली. म्हणजे दोन्ही ठिकाणी मराठी नाटक दक्षिणेकडील यक्षगानाच्या कुळातूनच निपजले, परंतु दोन वेगवेगळ्या शाखांतून. हे नाते माता-कन्येचे नसून चुलत बहिणींचे आहे. तंजावरच्या नाटकांची हस्तलिखिते राजवाड्यातील सरस्वतीमहाल ग्रंथालयात राहिली व त्यांचे प्रकाशन विसाव्या शतकात होऊ लागले. जे सांगलीपर्यंत पोहोचलेच नाही, त्याचा परिणाम तेथे शोधणे व्यर्थ होय.

पुढील काळात हा विलगपणा अधिकच स्पष्ट होतो. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे किल्ला, लगतचा प्रदेश व उत्पन्नाचा ठराविक वाटा एवढेच उरले. आणि सत्ता गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८०३ साली, त्यांनी बृहदीश्वराच्या आवारात भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत कोरविला. चोल सम्राट राजराजाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या मंदिरात हा लेख यावा, यात राज्य हातचे गेलेल्या राजाची आपल्या स्मृतीविषयीची चिंता स्पष्ट दिसते. त्यांच्याच आश्रयाने १८०६ साली इसापच्या कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापले गेले. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी डोंगराळ कुरवंजी जगाचा भूगोल कथन करते. घाट तमिळ, भाषा मराठी व विषय युरोपीय विद्येचा, असा हा संगम त्या काळी महाराष्ट्रात संभवनीय नव्हता. तो तंजावरात संभवला, कारण तेथील मराठी भाषेला शेजारच्या भाषांशी दररोज व्यवहार करावा लागत होता.

१८५५ साली शिवाजी राजे औरस पुत्राविना निवर्तले व संस्थान खालसा झाले. तेव्हा तंजावरच्या मराठी परंपरेचा वारसा कोणाकडे गेला? तो महाराष्ट्राकडे आला नाही. तमिळ देशातच मुरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तने तंजावरात झाली. ती आत्मसात करून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते त्या हरिकथेत तमिळ शब्द धारण करून गाइली जाऊ लागली.

सारांश, तंजावरची नाटके ‘आद्य’ आहेत, पण सांगलीच्या रंगभूमीची ‘जनक’ नाहीत. अग्रक्रम हा कालगणनेचा प्रश्न आहे. परंपरा हा देवघेवीचा. तंजावरकडे केवळ पहिलेपणाच्या अभिमानाने पाहिल्यास त्याचे खरे महत्त्व नजरेआड होते. एक भाषा आपल्या मायभूमीपासून दूर, चार भाषांच्या सहवासात जवळजवळ दोन शतके राजाश्रयाने जगली, त्यांच्याकडून तिने नाटक घेतले आणि त्यांना कीर्तन दिले, हे तंजावरचे खरे वैशिष्ट्य होय. मराठीचा इतिहास लिहिताना हे प्रकरण परिशिष्टात न टाकता मूळ ग्रंथात घेतले पाहिजे.