जामीन आणि मध्यस्थ

बडोदे शहरातील प्रतापनगर स्थानकावरून डभईकडे लोहमार्ग जातो. हा मार्ग होण्याच्या कितीतरी आधी, १८२८ साली, हाच डभई महाल पेटलाद, कडी आदी महालांबरोबर जप्तीत गेला होता. जप्ती कंपनी सरकारची, ऋणको खुद्द गायकवाड सरकार आणि धनको बडोद्याच्या पेढ्यांचे सावकार. व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले म्हणजे त्याच्या घरावर टाच येते. येथे राज्याच्याच महालांवर ती आली. हा प्रसंग का ओढवला आणि अखेर कसा मिटला, हे पाहण्यासारखे आहे.

राज्याचा सारा हप्त्याहप्त्याने वसूल होई. फौजेचा पगार मात्र थांबत नसे. मधली तूट हरिभक्ती, सामळ बेचर, मैराळ अशा घराण्यांच्या पेढ्या भरून काढीत. त्याबद्दल त्यांना व्याज मिळे, वर मनोती मिळे आणि फेडीसाठी महालांवर वराता मिळत. परंतु राजाने शब्द फिरवला तर सावकाराने दाद कोठे मागावी? म्हणून तिसऱ्याची हमी घेण्याची चाल पडली. गुजरातीत तिला ‘बांहेधरी’ म्हणतात; बाहू धरून पाठीशी उभे राहणे, असा तिचा अर्थ. बडोद्यात ही हमी अरब शिबंदीचे जमादार देत. त्यांच्या हाती तलवार होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. पण थकलेल्या पगारापायी तेच दरबाराचे धनकोही होते. जामीन आणि धनको एकच झाले, आणि महाराज आनंदराव आपल्याच राजधानीत त्यांचे जवळजवळ बंदी बनले.

कंपनीतर्फे आलेल्या मेजर वॉकर याने तोड काढली. कंपनी व पेढ्या यांनी मिळून दरबारास कर्ज द्यावे आणि त्यातून अरबांची बाकी चुकती करून त्यांना निरोप द्यावा. अरब हटेनात, तेव्हा डिसेंबर १८०२ मध्ये शहरास वेढा पडला आणि त्यांना शरण यावे लागले. मात्र त्यांनी दिलेल्या हम्या निभावण्याचे कंपनीने पत्करले. नव्या कर्जासही सावकारांनी कंपनीचीच हमी घेतली. अरब गेले, बांहेधरी राहिली. आता कंपनी एकाच वेळी धनको, जामीन आणि निवाडा करणारी झाली.

१८१९ साली दुसरे सयाजीराव गादीवर आले. पुढील वर्षी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बडोद्यास आले, तेव्हा कर्जाचा आकडा एक कोटीच्या पुढे गेलेला होता. अंतर्गत कारभारात महाराजांनी स्वतंत्र असावे, पण कंपनीने हमी दिलेले करार पाळावेत, असे ठरले. ही अट वरवर लहान दिसते. पण सावकाराला काही खुपले की तो दरबाराऐवजी रेसिडेन्सीची पायरी चढे. आणि महाराजांस वाटे की आपले ऋण हे आपल्या राज्यात शिरण्याचे दार झाले आहे. इंग्रजांचा आक्षेप असा की खासगी खजिना भरत असून राज्याचे कर्ज तसेच आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. कर्ज फिटेना, तेव्हा गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली जप्तीचा हुकूम काढला. त्याने तंटा मिटला नाही. महाराजांचे मन मात्र अधिकच कडवट झाले.

पुढचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी निराळा मार्ग धरला. १८३२ साली ते बडोद्यास आले. महाराजांनी आपल्या सावकारांशी स्वतः बोलावे, स्वतःच तडजोड करावी, आणि सावकारांचे समाधान झाले तर कंपनीने आपली हमी काढून घ्यावी, असा तो मार्ग होता. जे हुकमाने साधले नव्हते ते बोलण्याने साधले. सावकारांनी महाराजांचा शब्द मानला, त्या कर्जावरील कंपनीची हमी सोडली, आणि जप्त महाल परत मिळाले. कंपनीच्या करारातील घोडदळाच्या पगाराची शाश्वती म्हणून महाराजांनी १० लाख रुपये अनामत ठेवले. व्यक्तींना दिलेल्या इतर हम्यांचे तंटे पुढेही चालले. पण पेढ्यांचे मोठे कोडे सुटले.

सावकाराला पैसा हवा होता आणि राजाला मान. जप्तीने यांपैकी एकही गोष्ट पुरी मिळत नव्हती. समोरासमोरच्या बोलण्यात दोन्हींना वाव होता. धनको व ऋणको यांच्यामध्ये तिसरा माणूस अवश्य असावा, पण त्याचा हात तिजोरीत नसावा. भारताच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मध्यस्थावर हेच बंधन घातले आहे: आपला हितसंबंध असल्यास त्याने तो उघड करावा आणि पक्षांवर तडजोड लादू नये. बडोद्याला हा धडा शिकण्यास ३० वर्षे लागली, आणि त्याचे मोल राज्याच्या महालांनी मोजले.